रात्री करून ठेवलेला नाश्ता सकाळी का बिघडतो, आणि त्यावर काय करायचं

सकाळी मुलांचं आवरणं आणि स्वतःचं निघणं एकाच वेळी येतं, म्हणून बरेच आईबाबा नाश्त्याची तयारी आदल्या रात्रीच उरकून ठेवतात. बेत चांगला आहे, पण त्याच्या तक्रारीही ठरलेल्या आहेत: ओट्सचा गोळा झाला, अंड्याचं कवच निघेना, पॅनकेक ओलसर आणि चिवट झाले, सँडविचचा ब्रेड भिजला. मग पाककृती बदलून पाहिली जाते आणि थोड्याच दिवसांत नव्या पाककृतीचीही तीच गत होते. दोष पाककृतीत क्वचितच असतो. रात्रीपासून सकाळपर्यंतच्या आठ-दहा तासांत पदार्थातलं पाणी जागा बदलतं: दुधातून ओट्समध्ये, भाजीतून अंड्यात, गरम पॅनकेकमधून झाकणावर आणि तिथून परत पॅनकेकवर. ते कुठून कुठे जाणार हे आधी ओळखून वाट अडवली, की बहुतेक तक्रारी मिटतात.

म्हणून बिघडलेला डबा उघडल्यावर आधी पाणी कुठे आहे ते पाहा. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब असतील तर पदार्थ गरम असतानाच झाकण लावलं गेलं. तळाशी पाणी साचलं असेल तर ते भाजीला, फळाला किंवा दह्याला सुटलंय, नाहीतर अंडं गरजेपेक्षा जास्त शिजलंय. पाणी कुठेच दिसत नाही आणि पदार्थ घट्ट झालाय, तर ते धान्याने किंवा पिठाने शोषून घेतलं. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

ओट्स: गोळा, लगदा किंवा कडवट चव

रात्री भिजवायच्या ओट्समध्ये सगळ्यात आधी ओट्सचा प्रकार तपासा. इन्स्टंट ओट्स बारीक केलेले आणि आधीच शिजवून वाळवलेले असतात. रात्रभर दुधात राहिले की त्यांचा लगदाच होणार, प्रमाण कितीही बरोबर असो. जाड, चपटे रोल्ड ओट्स घ्या. दाण्याचे नुसते तुकडे केलेले, न चपटवलेले ओट्स उलट टोकाचे: थंड दुधात रात्रभर ठेवूनही ते कचकच लागतात आणि लहान मुलं ते बाजूला सारतात.

मोठ्या मुलासाठी किंवा एका मोठ्या माणसासाठी 40 ग्रॅम रोल्ड ओट्स (साधारण अर्धा कप), 120 मिली दूध, 2 मोठे चमचे दही आणि चिमूटभर मीठ. मीठ वगळू नका. ओट्स अळणी लागतात म्हणून जी जास्तीची साखर पडते, ती या चिमटीमुळे वाचते. चिया घालणार असाल तर एक छोटा चमचा पुरे, आणि त्याच्यासाठी 40 मिली दूध वाढवा. चिया आपल्या वजनाच्या दहापट पाणी सहज धरतं. सकाळी चमचा उभा राहील इतका घट्ट गोळा मिळतो, तो बहुतेक वेळा हे वाढीव दूध न घातल्यामुळे. चिया घातल्यावर एकदा ढवळा, दहा मिनिटांनी पुन्हा ढवळा आणि मगच फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्यांदा ढवळलं नाही तर तळाशी गुठळ्या बसतात.

गोळा झालाच असेल तर फेकू नका. दोन-तीन मोठे चमचे दूध घालून काट्याने सैल करा आणि पाच मिनिटं तसंच राहू द्या. फार जोरात घोटू नका. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. जितकं घोटाल तितका तो सुटून येतो आणि मिश्रण बुळबुळीत होतं.

कडवटपणाचं कारण वेगळंच आहे आणि सहसा लक्षात येत नाही. ताजं किवी, अननस आणि पपई यांत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात. ही फळं रात्री दूध-दह्यात घातली की सकाळपर्यंत दुधातल्या प्रथिनांचे तुकडे पडतात आणि चव कडू होते, दही पातळ होतं. ती फळं सकाळी वाढतानाच घाला. डबाबंद अननस चालतो, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने एन्झाइम निकामी झालेलं असतं. केळं सकाळीच कापा. सफरचंद रात्री कापायचंच असेल तर फोडींना लिंबाचा रस चोळा. गोठवलेल्या बेरी मात्र रात्रीच घाला: त्या विरघळताना सुटणारा रस ओट्स पिऊन टाकतात आणि चव छान मुरते.

ताजे ओट्स सकाळी मायक्रोवेव्हमध्ये शिजवताना उतू जात असतील तर भांडं लहान पडतंय. मिश्रणाच्या तिप्पट मावेल असा खोलगट वाडगा घ्या, शक्ती निम्मी ठेवा, तीन ते चार मिनिटं द्या आणि मध्ये एकदा ढवळा.

उकडलेली अंडी: कवच निघत नाही

पाण्याशी थेट संबंध नसलेल्या तक्रारींपैकी ही एक. अगदी ताज्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे त्याचा पीएच (आम्लता मोजायचं माप) कमी, साधारण 8 च्या आसपास असतो. अंडं ठेवलं की हा वायू कवचाच्या छिद्रांतून हळूहळू निघून जातो आणि पीएच 9 च्या वर चढतो. पीएच कमी असताना पांढरा भाग कवचाखालच्या पातळ पापुद्र्याला घट्ट चिकटून शिजतो, आणि सोलताना अंड्याचे लचके निघतात. म्हणून उकडण्यासाठी आठवडाभर फ्रीजमध्ये राहिलेली अंडी काढा, ताजी आणलेली ऑम्लेटसाठी ठेवा.

दुसरं कारण उकडण्याच्या पद्धतीत आहे. थंड पाण्यात अंडी घालून मग पाणी तापवलं की पांढरा भाग सावकाश शिजतो आणि पापुद्र्याला धरतो. अंडी उकळत्या पाण्यातच सोडा.

पाणी अंड्यांच्या वर दोन-तीन सेंटीमीटर येईल इतकं घेऊन खळखळ उकळवा. फ्रीजमधली अंडी पळीने अलगद सोडा आणि आच लगेच कमी करा, बारीक बुडबुडे येत राहतील इतकीच. मोठ्या आचेवर अंडी एकमेकांवर आपटून तडकतात. साधारण 60 ग्रॅमच्या अंड्याला 7 मिनिटं दिली तर बलक वाहता राहतो, 9 मिनिटांत मऊसर धरतो, 11 ते 12 मिनिटांत पूर्ण शिजतो. लहान मुलांना पूर्ण शिजलेलंच द्या. उंच डोंगराळ भागात पाणी कमी तापमानाला उकळतं, दर 300 मीटरला साधारण एक अंश सेल्सिअसने कमी, म्हणून तिथे एक-दोन मिनिटं वाढवावी लागतात.

वेळ झाली की अंडी बर्फाच्या पाण्यात टाका आणि दहा मिनिटं राहू द्या. नळाखाली नुसती धरून भागत नाही, आतली उष्णता शिजवत राहते. बलकाभोवती हिरवट-करडी कडा येते ती याच जादा उष्णतेने: पांढऱ्या भागातून सुटलेलं हायड्रोजन सल्फाइड आणि बलकातलं लोह यांचा संयोग होतो. अपाय काही नाही, पण वास येतो आणि मुलं नाक मुरडतात.

सोलताना अंड्याच्या रुंद टोकापासून सुरुवात करा. तिथे हवेची पोकळी असते. टोक आपटून कवच फुटलं की अंगठा पापुद्र्याच्या खाली गेला पाहिजे, नुसत्या कवचाखाली नाही. पापुद्रा हातात आला की कवच त्याच्यासकट मोठ्या तुकड्यांत सुटतं. वाहत्या पाण्याखाली हे आणखी सोपं जातं.

कवचासकट उकडलेली अंडी फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतात. सोललेली लवकर सुकतात, म्हणून ती बंद डब्यात ओलसर कागदात ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा. उकडलेलं अंडं अख्खं मायक्रोवेव्हमध्ये कधीही गरम करू नका, सोललेलंसुद्धा नाही. आत कोंडलेल्या वाफेने ते फुटतं, आणि कधीकधी बाहेर काढल्यावर, दात लावताना फुटतं. गरमच हवं असेल तर कडकडीत पाण्यात पाच मिनिटं ठेवा.

भाजी घातलेले अंड्याचे कप: तळाशी पाणी

मफिनच्या साच्यात अंडं आणि भाजी घालून भाजलेले कप हा घाईच्या सकाळचा उत्तम नाश्ता आहे, हातात धरून खाता येतो. पण कच्ची भाजी थेट घातली तर तो बिघडणारच. पालक, मशरूम, टोमॅटो, दुधी, ढोबळी मिरची, सगळ्यांना शिजताना पाणी सुटतं आणि अंड्याला ते शोषता येत नाही.

सहा कपांसाठी 5 अंडी, अंड्यामागे एक मोठा चमचा दूध आणि पाऊण कप परतलेली भाजी. हे माप परतल्यानंतरचं आहे. मशरूम मीठ न घालता, झाकण न ठेवता परता. आधी पाणी सुटेल, मग आटेल, मग कडा तांबूस होतील, तेव्हा थांबा. पालक परतून गार झाला की मुठीत घट्ट पिळा. मूठभर पालकातून निघणारं पाणी पाहिलं की कप का ओले होत होते ते लगेच कळतं. टोमॅटोच्या बिया आणि गर काढून नुसता बाहेरचा भाग घ्या. गोठवलेली भाजी आधी पूर्ण विरघळवून फडक्याने टिपा.

दूध वाढवल्याने कप मऊ होतात ही समजूत खरी नाही. प्रमाणाबाहेर दूध झालं की अंडं ते धरून ठेवू शकत नाही, आणि थंड झाल्यावर ते तळाशी येतं.

ओव्हन 175 अंशांवर, वेळ 18 ते 20 मिनिटं. मधला भाग किंचित हलत असतानाच बाहेर काढा, तो आत उरलेल्या उष्णतेने पूर्ण होतो. जास्त भाजलं की अंड्यातली प्रथिनं आकसतात आणि पाणी पिळून बाहेर टाकतात. कप रबरी आणि खाली पाणी, अशी दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर दोष भाजीचा नाही, वेळेचा आहे. ओव्हनमधून काढल्यावर फुगलेले कप खाली बसतात, त्यात काहीही चुकलेलं नाही: आतली वाफ निघून जाते एवढंच.

साच्याला चिकटत असतील तर लोणी हात राखून लावू नका, कडेपर्यंत चोपडा. पाच मिनिटं साच्यातच राहू द्या आणि मग कडेने सुरी फिरवा. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतात. गरम करताना मायक्रोवेव्हची शक्ती निम्मी ठेवून 45 सेकंद द्या. पूर्ण शक्तीवर तेच आकसणं पुन्हा होतं.

पॅनकेक: चपटे, चिवट, आतून कच्चे, एकमेकांना चिकटलेले

तक्रारी सगळ्यात जास्त इथल्या, कारण बिघडायला जागाही जास्त.

प्रमाण असं: 125 ग्रॅम मैदा (1 कप), 2 छोटे चमचे बेकिंग पावडर, 1 मोठा चमचा साखर, पाव छोटा चमचा मीठ. ओल्या जिनसांत 1 अंडं, 180 मिली दूध, 2 मोठे चमचे तेल किंवा वितळलेलं लोणी. तळहाताएवढे सहा-सात पॅनकेक होतात. कणीक वापरायची तर दूध 210 मिली करा आणि कालवल्यावर दहा मिनिटं थांबा. कणकेतला कोंडा पाणी सावकाश ओढतो. थांबला नाहीत तर पहिले दोन पातळ पसरतील आणि शेवटचे दोन जाड, कोरडे होतील.

चपटे होत असतील तर विचार करा: पीठ रात्रीच पूर्ण कालवून ठेवलं होतं का? बेकिंग पावडर ओली झाली की लगेच वायू सोडू लागते. सकाळपर्यंत त्यातला बराच उडून जातो, उरलेला तव्यावर पुरत नाही. कोरड्या जिनसा एका बरणीत आणि ओल्या दुसऱ्या बरणीत फ्रीजमध्ये, अशी विभागणी रात्री करा आणि सकाळी एकत्र करा. एकत्र करायला मिनिटभरही लागत नाही. रात्रीच्या ओल्या मिश्रणात लोण्याऐवजी तेल घाला: वितळलेलं लोणी थंड दुधात पडलं की त्याचे कण होतात आणि ते पिठात मिसळत नाहीत. चुकून सगळं कालवून ठेवलंच असेल तर अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर एक चमचाभर दुधात कालवून लगेच घाला, दोन-तीनदा अलगद परतून थेट तव्याकडे वळा.

पावडरच जुनी असू शकते. अर्ध्या कप गरम पाण्यात एक छोटा चमचा टाकून पाहा. जोरात फसफसली तर चांगली, दोन-चार बुडबुडे येऊन थांबली तर टाकून द्या. फसफस कमी म्हणून प्रमाण वाढवणं हा उपाय नाही, त्याने चव धातूसारखी तुरट होते. खाण्याच्या सोड्याची परीक्षा पाण्यात होत नाही, त्याला लिंबाचा रस लागतो.

चिवटपणा जास्त फेटण्यातून येतो. मैदा ओला करून ढवळत राहिलं की ग्लूटेन या चिवट प्रथिनाचं जाळं तयार होतं. कोरड्याचे पांढरे पट्टे दिसेनासे झाले की थांबा. वाटाण्याएवढ्या गुठळ्या राहू द्या, तव्यावर त्या विरून जातात.

बाहेरून काळपट आणि आतून कच्चे म्हणजे आच मोठी. पहिला फिका आणि तेलकट म्हणजे तवा पुरता तापला नव्हता. तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडा: नाचत नाचत उडून गेले तर तवा तयार आहे. मग आच मध्यमवर आणा. उलटायची वेळ बुडबुड्यांवरून ओळखता येते. सुरुवातीचे बुडबुडे फुटून भोक लगेच भरून येतं. काही वेळाने फुटलेलं भोक तसंच उघडं राहतं आणि कडांची चमक जाते, तेव्हा उलटा. उलटल्यावर उलथण्याने दाबू नका. आत अडवलेली हवा तुम्हीच बाहेर काढाल.

आता साठवण, जिथे चांगले झालेले पॅनकेकही वाया जातात. तव्यावरून काढून ताटलीत एकावर एक रचले की खालच्यांची वाफ वरच्यांत शिरते आणि सगळी चवड ओली होते. जाळीवर एकेक सुटा पसरून दहा-पंधरा मिनिटं पूर्ण गार करा. ताटात पसरून चालणार नाही, खालून हवा लागली पाहिजे. मग ताटात एकमेकांना न चिकटता फ्रीझरमध्ये तासभर ठेवा, कडक झाले की पिशवीत भरून हवा काढा. असे गोठवलेले पॅनकेक एकेक सुटे निघतात आणि दीड-दोन महिने चांगले राहतात. सकाळी विरघळवत बसू नका, थेट टोस्टरमध्ये टाका, नाहीतर कोरड्या तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी मिनिट-दीड मिनिट द्या. मायक्रोवेव्हमध्ये वीस-तीस सेकंदांच्या पुढे गेलं की ते चामड्यासारखे होतात.

ब्रेड आणि सँडविच

ब्रेड फ्रीजमध्ये ठेवू नका. फ्रीजच्या तापमानाला ब्रेडमधला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो, आणि बाहेर ठेवल्यापेक्षा लवकर ब्रेड शिळा लागतो. दोन-तीन दिवसांत संपणार असेल तर बाहेर ठेवा, नाहीतर काप सुटे करून फ्रीझरमध्ये. गोठलेला काप थेट टोस्टरमध्ये चालतो.

रात्री भरून ठेवलेलं सँडविच भिजतं ते काकडी-टोमॅटोच्या पाण्याने. दोन्ही कापांना लोणी किंवा चीज स्प्रेड अगदी कडेपर्यंत लावा, मधेच ठिपका देऊन भागत नाही. स्निग्ध थर पाणी अडवतो. भाजीवर मीठ रात्री घालू नका, मिठाने पाणी ओढलं जातं.

फ्रेंच टोस्ट आतून गिळगिळीत राहत असेल तर ताजा, पातळ ब्रेड टाळा. आदल्या दिवशीचा, दोन सेंटीमीटर जाडीचा घ्या. चार कापांना 2 अंडी आणि 120 मिली दूध. प्रत्येक बाजू वीस-तीस सेकंदच बुडवा, जास्तीचं निथळू द्या आणि मंद-मध्यम आचेवर बाजूला तीन-तीन मिनिटं भाजा. मिश्रणात साखर जास्त असेल तर आत शिजण्याआधीच बाहेरून करपतो.

स्मूदी

रात्री फिरवून ठेवली की थर वेगळे होतातच, तिला ढवळण्यापलीकडे उपाय नाही. त्यापेक्षा सोललेलं केळं आणि फळाच्या फोडी पिशवीत मोजून गोठवा आणि सकाळी फिरवा. मिक्सरमध्ये दूध आधी, गोठलेली फळं वर, नाहीतर पाती नुसती फिरत राहतात.

मुलांच्या ताटात वाढताना

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, ओट्समध्ये मिसळूनही नाही. बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो आणि शिजवल्यानेही तो जात नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे काजू-बदाम नकोत, पूड किंवा गुळगुळीत बटर द्या. द्राक्षं उभी चिरा, आडवी चिरलेली घशात अडकू शकतात.

सगळंच लवकर आंबट होत असेल तर

मग फ्रीज तपासा. तो 4 अंशांवर किंवा त्याखाली हवा, आणि दारावरचा आकडा नेहमी खरा नसतो. पेलाभर पाण्यात थर्मामीटर घालून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी वाचा. 4 च्या वर असेल तर फ्रीज आणखी थंडवर करा, आणि मागच्या हवेच्या झडपेसमोर डबे कोंबलेले नाहीत ना ते बघा. दूध आणि अंड्याचे पदार्थ दाराच्या कप्प्यात ठेवू नका, तिथे दर उघड्याला उबदार हवा लागते. शिजलेला पदार्थ ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका, उकाडा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. खोल पातेल्यात गार करायला ठेवला तर तो त्या वेळात गार होत नाही. उथळ, पसरट डब्यात दोन-तीन इंचांपेक्षा कमी थर करा, वाफ गेली की झाकण लावा आणि आत ठेवा.